मुलांच्या हातात करवत द्यायची तर

देवगडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी १० वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. आंब्याचा हंगाम आटोपत आलाय, शाळेला सुट्टी, पडवी रिकामी. मांगरात (सामान ठेवायच्या खोपीत) सासऱ्यांची सुतारकामाची जुनी पेटी आहे आणि आंब्याच्या मोडक्या पेट्यांचा ढीग आहे. मुलांना लाकडाचं काहीतरी करायची हौस, पण आता घरात ते काम येणारं कुणी नाही. हत्यारं कोणती द्यावीत, लाकूड कुठलं घ्यावं, सुरुवात कशाने करावी आणि हात कापला तर काय? ऑनलाइन एमडीएफच्या कापलेल्या तुकड्यांचा तयार संच मिळतो, तो मागवला तर सोपं पडेल का, असंही त्यांनी विचारलंय.

संच मागवू नका. एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक भुसा चिकट रसायनात घालून दाबलेली फळी. मृगाचा पाऊस लागला की आपल्या हवेत ती कडांनी फुगते आणि एकदा फुगली की परत बसत नाही. पण खरी अडचण ती नाहीच. तुकडे आधीच कापलेले, भोकं आधीच पाडलेली. मुलांच्या वाट्याला उरतं ते चिकटवणं. ज्यासाठी त्यांचे हात शिवशिवतायत ते सगळं कारखान्यातल्या यंत्राने करून टाकलेलं असतं. तुमच्या मांगरात आहे तेवढं लाकूड पुरे आहे. वर दीड-दोन हजारांची हत्यारं घ्यावी लागतील, बस.

मात्र मांगरातून ते लाकूड मुलांना काढायला लावू नका. वर्षभर न हललेल्या फळ्यांच्या ढिगात विंचू असतो, फुरसं असतं, आणि पावसाच्या तोंडावर तर नक्की असतं असं धरूनच चालायचं. मोठ्या माणसाने पायात बूट घालून, काठीने आधी ढोसून, एकेक फळी खळ्यात (अंगणात) आणून आपटावी. पेट्यांचे खिळे अंबुराने काढून टाकावेत, दोन दिवस ऊन द्यावं आणि मग ते लाकूड मुलांच्या ताब्यात द्यावं.

मी सुतारकीच्या घरातला. बरीच वर्षं कुडाळ-वेंगुर्ल्याच्या बाजूला सुट्टीत मुलांना हे काम शिकवतो. आईवडील हत्यारांबद्दल भरपूर विचारतात. लाकूड धरायचं कशाने, हे सहसा कुणी विचारत नाही, आणि हात कापतो तो नेमका तिथे. करवत उजव्या हातात असते, त्या हाताला काही होत नाही. कापतो डावा, लाकूड दाबून धरणारा. फळी हलते, करवत उसळते, अंगठ्यावर येते. फळी हलूच शकली नाही तर डाव्या हाताचं तिथे कामच उरत नाही. म्हणून पहिली खरेदी करवतीची नको, क्लॅम्पची करा. हार्डवेअरच्या दुकानात ‘सी क्लॅम्प’ म्हणून मागा, चार इंची दोन घ्या. फळी बाकड्यावर ठेवायची, दोन ठिकाणी क्लॅम्प आवळायचा, मग मुलाला सांगायचं की हलवून बघ. तो सगळा जोर लावून हलवतो. हलली तर आणखी आवळायचं. हलली नाही की करवत द्यायची आणि नियम एकच: दोन्ही हात करवतीच्या मुठीवर. सहा वर्षांच्या मुलालाही मी असंच कापायला देतो.

बाकडं जड हवं. पडवीतलं बसायचं लाकडी बाकडं बहुतेक वेळा चालतं. मूल त्याच्याशी सरळ उभं राहिलं, हात खाली सोडले, की मनगट जिथे येईल तेवढी उंची असावी. बाकडं उंच पडलं तर मूल खांद्याने करवत ढकलतं आणि पाच मिनिटांत दमतं. तेव्हा पायाखाली पाट नको, घट्ट बसणारा चिरा ठेवा, पाट सरकतो. आपले जुने मेस्त्री जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्यात लाकूड पकडून काम करायचे. बघायला फार छान. पण तुमच्याकडे एखादे वयस्कर मेस्त्री आले आणि मुलांनी ते पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी तसं करून बघणारच, हे लक्षात असू द्या.

आणखी एक वस्तू घरीच करून घ्या. साधारण २५ सेंटीमीटर लांब, २० रुंद अशी जाड फळी. तिच्या एका टोकाला खालच्या अंगाने रीप ठोकायची, दुसऱ्या टोकाला वरच्या अंगाने. खालची रीप बाकड्याच्या कडेला अडकते, वरच्या रिपेला लाकूड टेकवून कापायचं. जेवढं ढकलाल तेवढं ते घट्ट बसतं. आमच्याकडची मुलं तिला अडकफळी म्हणतात. लहान काठ्या, रिपा, बांबूचे तुकडे कापायला दरवेळी क्लॅम्प लावत बसावं लागत नाही. ही फळी मुलीनेच करावी. तिचं पहिलं काम म्हणून उत्तम, कारण लगेच उपयोगी पडते आणि वाकडी झाली तरी चालते.

आता करवत. लाकूड कापायची मोठी करवत मुलांना सुरुवातीला देऊ नका. तिला इंचाला सात-आठ मोठे दाते असतात. पहिल्याच फटक्याला ती लाकडात रुतते किंवा उडते. त्याऐवजी लोखंड कापायची हॅक्सॉ घ्या, इंचाला २४ दाते असलेलं ब्लेड लावून. कापायला वेळ लागतो, मेस्त्री बघून हसतील, हसू देत. बारीक दात्यांमुळे ती उसळत नाही, आणि कडाही स्वच्छ निघतात. ब्लेडवर बाण छापलेला असतो, तो मुठीपासून पुढे जाणारा हवा. सुरुवात करताना करवत रेघेवर ठेवून दोन-तीनदा फक्त मागे ओढायची. बारीक खाच पडते, मग पुढे-मागे. मुलं हमखास वरून दाबतात, कारण दाबलं तर लवकर कापेल असं वाटतं. ब्लेड वाकतं, कचकन आवाज येतो. तेव्हा “दाबू नको” एवढंच म्हणून भागत नाही. मुठी सैल करायला सांगा आणि ब्लेड टोकापासून टोकापर्यंत चालवायला सांगा. मुलं चार इंचातच घासत राहतात. पूर्ण लांबी वापरायला लागली की आवाजच बदलतो, एका लयीत यायला लागतो, आणि तो बदल त्यांना स्वतःला ऐकू येतो.

हातोडी २०० ग्रॅमची. ड्रिल हाताने फिरवायचं, चाक असलेलं. ३ मिलिमीटर आणि ८ मिलिमीटरच्या टोच्या. एक कानस, काटकोन तपासायचा एक गुण्या, ८० आणि १५० नंबरचा पॉलिश पेपर. एवढंच. सासऱ्यांच्या पेटीतली पटाशी आणि वाकस (लाकूड तासायचं हत्यार) वर ठेवून द्या. रंधा मुलीला वर्षभराने देता येईल. हल्ली घरोघरी तो छोटा विजेचा ग्राइंडर असतो, त्याला लाकूड कापायची दातेरी चकती लावून लोक फांद्यासुद्धा कापतात. मुलं आसपास असताना ते यंत्र प्लगलाही लावू नका. चकती अडकली की ते कुठल्या दिशेने उडेल हे भल्या-भल्यांना सांगता येत नाही.

लाकडाच्या बाबतीत आपण कोकणातली माणसं श्रीमंत आहोत, पण सगळं लाकूड मुलांच्या कामाचं नाही.

शिकायला पांगारा सर्वांत चांगला. वईत (कुंपणात) असतो, मिरवेलीला आधाराला लावलेला असतो. हलका, मऊ, हॅक्सॉने लोण्यासारखा कापला जातो. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं, भाज्या, खेळणी पूर्वापार याच लाकडाची. सालीवर काटे असतात, ते मोठ्यांनी तासून टाकायचे. ओला पांगारा तसाच ठेवला तर बुरशीने काळा पडतो आणि भुंगा लागतो, म्हणून पावसाळ्याच्या खूप आधी तोडून, साल काढून, सावलीत वारा लागेल असा वाळवावा. यंदा तुमच्याकडे वाळलेला नसेल तर पेट्यांच्या फळ्यांवर भागवा. त्या पातळ असतात, खरखरीत असतात, कुसळं फार. वापरण्याआधी दोन्ही अंगांना ८० नंबरचा पॉलिश पेपर मारायचा, आणि हे काम सहा वर्षांच्या मुलाचं. एका ठोकळ्याला कागद गुंडाळून द्या, नाहीतर बोटांच्या टोकांनी घासत बसेल. रेषांच्या दिशेनेच घासायचं हे त्याला एकदा करून दाखवा, आडवं घासल्याचे ओरखडे त्याला लगेच दिसतात.

शिवण मिळाली तर सोडू नका. फिकट, हलकी, वाळल्यावर फारशी वाकत नाही. फणस पिवळाधमक, किंचित कठीण, पॉलिश पेपर मारला की मुलं खूश. सागाचे तुकडे कुठल्याही मेस्त्रींकडे मागितले तर मिळतात. सुरूचं लाकूड नको, खिळा मारला की चिरतं. माडाच्या खोडाची फळी दिसायला सुरेख, पण तिची कुसळं सुईसारखी टणक आणि खोल जातात. मुलांना अजिबात नको. बांबूत माणगा चांगला, भरीव असतो. चिरलेल्या बांबूची कड मात्र ब्लेडइतकी धारदार असते. चिरल्या चिरल्या कडांवरून कानस फिरवल्याशिवाय तो मुलांच्या हातात द्यायचा नाही.

काही झाडं पूर्ण वर्ज्य. काजरा विषारी, बियाच नव्हे तर सालही. कण्हेर विषारी. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. खाडीकाठच्या हुऱ्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. आणि तसंही कांदळवनातलं काही तोडणं हा गुन्हा आहे. ओला काजू आणि ओला आंबा यांच्या चिकानेही कातडी भाजते, पण तेच लाकूड वाळल्यावर चालतं. आपल्याकडे मुलांना काठी हवी झाली की दिसेल त्या झाडाची मोडून घेतात, म्हणून ही नावं तोंडपाठ करून घ्या.

बनवायचं काय, तर मी प्रत्येक वर्षी होडीपासून सुरू करतो. समुद्राकाठच्या मुलांना होडी कशी दिसते हे सांगावं लागत नाही, उलट तीच आपल्याला चुका दाखवतात. मालवणात एका मुलाने माझी होडी बघून तोंड वाकडं केलं, “आजोबा, हिची नाळ खय आसा?” नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, उंचवटा मी सोपं व्हावं म्हणून गाळला होता, तो त्याला चालला नाही.

उलांडीची, म्हणजे तोल राहावा म्हणून एका बाजूला लाकूड बांधलेली, होडी करा. पांगाऱ्याचा तुकडा ३० सेंटीमीटर लांब, ७ रुंद, ५ जाड. पेटीच्या फळ्या असतील तर तीन-चार फळ्या एकावर एक ठेवून, वॉटरप्रूफ गोंदाने चिकटवून, रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवा. साधा पांढरा फेविकॉल इथे नको, पाण्यात मऊ पडतो. तुकड्याच्या एका टोकाला मधोमध खूण करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापायचं, की पुढची टोकदार बाजू होते. हे दोन तिरके काप म्हणजे मुलीची परीक्षा. सरळ कापताना करवत वाट सोडली तरी कळत नाही, तिरक्या कापात लगेच कळतं. एक बाजू जाड, एक बारीक होईल. होऊ द्या. कानशीने ती स्वतःच दोन्हीकडे सारखं करत बसेल, आणि तेवढ्या वेळात डोळ्याला माप घ्यायची सवय लागते.

आतून कोरायचं नाही. पटाशीशिवाय ते होत नाही, आणि पांगारा असाही तरंगतो. डोलकाठीसाठी ८ मिलिमीटरचं भोक, मधल्यापेक्षा थोडं पुढे. ड्रिल उभं धरणं मुलांना जमत नाही, कारण मागून बघताना ते सरळच दिसतं. म्हणून दुसऱ्या मुलाने बाजूला उभं राहून सांगायचं: आतल्या बाजूला कललंय, बाहेर कललंय. सहा वर्षांचा मुलगा हे काम फार गंभीरपणे करतो. डोलकाठी बांबूची, शीड जुन्या धोतराचं किंवा लुगड्याचं.

आता शीड लावून ती घमेल्यातल्या पाण्यात ठेवा. आडवी होईल. मुलांना रडू येऊ देऊ नका, हे व्हायचंच होतं असं सांगा आणि विचारा की आपले रांपणकर (रांपण लावणारे मच्छीमार) काय करतात. दहा वर्षांची मुलगी उलांडीवर येतेच. हलक्या लाकडाचा २० सेंटीमीटरचा तुकडा, दोन्ही टोकं कानशीने निमुळती केलेला. तो होडीपासून हातभर नव्हे, तिच्या रुंदीच्या दीडपट अंतरावर. दोन बांबूच्या काठ्या होडीवर आडव्या ठेवून दोन्ही टोकांना काथ्याने बांधायच्या. खिळे नकोत. पातळ बांबूला खिळा मारला की चिरतो, शिवाय बांधलेला सांधा थोडा हलतो आणि लाट सोसतो. मोठ्या होडीचंही तेच.

उलांडी एकाच बाजूला का, असा प्रश्न येईल. तिच्या बाजूला होडी कलली तर ती पाण्यात दाबली जाते आणि पाणी तिला वर ढकलतं. उलट बाजूला कलली तर उलांडी पाण्याबाहेर उचलली जाते आणि स्वतःच्या वजनाने होडीला खाली आणते. एकच लाकूड दोन्हीकडची कामं करतं, आणि दुसरी बाजू जाळं टाकायला-ओढायला मोकळी राहते. हे तोंडी सांगण्याआधी घमेल्यात बोटाने दोन्हीकडे दाबून बघायला लावा. पावसाळ्यात होडी व्हाळात (ओढ्यात) सोडायची तर दोरी बांधून, आणि सोबत मोठं माणूस असल्याशिवाय नाही.

मुलीचं दुसरं काम म्हणून एक सुचवतो. यंदा गणपतीच्या वरची माटवी तिला करू द्या. आडव्या-उभ्या रिपांची चौकट, चौकोन पडतील अशी. मापं घ्यायची, रेघा मारायच्या, एकसारखे तुकडे कापायचे, प्रत्येक सांध्याला गुण्या लावून बघायचा. सुतारकामाचा पाया सगळा त्यात आला. सांध्याला आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग स्क्रू, स्क्रूला थोडा साबण घासला की हलका जातो. कवंडळं, नारळ, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे असं सगळं मिळून तिच्यावर बरंच वजन येतं, तेव्हा ती टांगण्याचं काम आणि दोरीची गाठ मोठ्यांची. घरातल्या मंडळींच्या डोक्यावर दहा-बारा दिवस टांगली जाणारी वस्तू आपण केली, हे मुलीला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मुलांना डब्या-पेट्याही कराव्याशा वाटतात. तेव्हा एक गोष्ट सांभाळा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा वाळलेलं लाकूड साधारण ११ टक्के ओलावा धरून राहतं. जुलैत आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर गेली की तेच लाकूड १८-२० टक्क्यांवर जातं. तेवढ्याने २० सेंटीमीटर रुंद सागाची फळी रुंदीला तीनेक मिलिमीटर वाढते. लांबीला जवळजवळ काहीच नाही. पावसात दरवाजे अडतात ते यामुळेच. तर मे महिन्यात केलेल्या पेटीचं झाकण कडेला बरोबर बसतंय म्हणून मुलगी आनंदात असेल, ते जुलैत निघणार नाही. तीन मिलिमीटर फट सोडायला लावा. तिला ते ढिलं वाटेल, वाटू द्या.

खिळ्यांबद्दल. खारी हवा साध्या खिळ्याला दोन पावसाळ्यांत खाते, आणि साग-ऐनासारख्या लाकडात लोखंडाभोवती काळा डाग पसरतो. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे घ्या. पातळ फळी चिरू नये म्हणून खिळा उलटा धरून टोकावर हातोडीचा एक हलका ठोका मारायचा. बोथट टोक रेषा बाजूला सारत नाही, चिरडत जातं, म्हणून फळी फाटत नाही. मुलांना ही युक्ती फार आवडते, कारण ऐकायला उलटी वाटते. खिळा बोटांत न धरता कपड्यांच्या चिमट्यात किंवा जुन्या फणीच्या दातांत धरायचा. मुलाला एक पांगाऱ्याचा ओंडका आणि पावशेर खिळे देऊन टाका. त्याला काही बनवायचं नसतं, ठोकायचं असतं. ओंडका भरला की खिळे उपटून परत ठोकतो. काम संपल्यावर पडवीतले पडलेले खिळे शोधायला जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक त्यालाच द्या. आपल्याकडे मुलं अनवाणी फिरतात, तेव्हा हा खेळ रोजचा.

हातमोजे घालू नका, विशेषतः ड्रिल वापरताना. सुती मोजा टोचीत गुंडाळला जातो आणि बोट सोबत ओढलं जातं. केस बांधलेले, ओढणी बाजूला, डोळ्यांवर चष्मा. भुशात मुलांना लोळू देऊ नका. लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना आणि नाकाला वाईट, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ मध्ये तिला कर्करोगकारक ठरवलंय. ते इशारे वर्षानुवर्षं यंत्रांच्या धुळीत काम करणाऱ्यांच्या अनुभवावरून आले आहेत, म्हणून घाबरून काम थांबवू नका, पण पॉलिश पेपरचं काम खळ्यात, वाऱ्याकडे पाठ करून. करवंटीचा डाव (पळी) करणार असाल तर करवंटी पाण्यात बुडवूनच घासा, धूळ उडतच नाही.

कापलंच तर ते बहुतेक वेळा बारीक असतं: वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा. कुसळ चिमट्याने, ज्या कोनात गेलं त्याच कोनात मागे ओढायचं. धनुर्वाताच्या लसी झाल्यात का ते आताच बघून ठेवा. सरकारी वेळापत्रकात पाच-सहा वर्षांना त्रिगुणीचा दुसरा बूस्टर असतो आणि १० व्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. तुमच्या दोन्ही मुलांचं वय नेमकं त्यावर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात.

रंगकाम मुलांवर सोडा, पण मांगरातला जुना रंगाचा डबा वापरू नका. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं चालत नाही. त्याआधीच्या डब्यात किती असेल सांगता येत नाही. होडीला पाण्यात न विरघळणारा ॲक्रिलिक रंग पुरे. डाव, चमचे, तोंडात जाणाऱ्या वस्तू यांना रंग नकोच. खोबरेल तेल लावायची आपली सवय आहे, पण ते वाळत नाही आणि काही महिन्यांनी खवट वास येतो. मधमाशीचं मेण आणि मुठेल (कोकमतेल) एकत्र वितळवून, थंड झाल्यावर कापडाने चोळा. कच्चं जवसतेलही चालतं, वाळायला वेळ घेतं. पण जवसतेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आतल्या आत तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

तुम्ही स्वतः काय करायचं, तर शेजारी बसायचं आणि हात मांडीवर ठेवायचे. हे सगळ्यांत अवघड. मुलगी वाकडं कापतेय, तुम्हाला दिसतंय, हात पुढे जातोच. करवत तुमच्या हातात गेली की ती वस्तू तिची राहत नाही. उरलेलं काम ती उरकून टाकते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय. कार्यानुभवाच्या प्रदर्शनात आईबापांनी केलेल्या वस्तू ओळखू येतात, सगळ्या कडा सरळ असतात. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा आग्रह धरला, त्याचं पुढे आपण काय केलं ते या प्रदर्शनांत दिसतं. हात घालायचा तो फक्त एकाच वेळी: फळी हलायला लागली की. “थांब” म्हणा, क्लॅम्प आवळा, परत मांडीवर हात.

एक तासापेक्षा जास्त काम नको. दमलेल्या मुलाच्या मुठी आवळतात आणि मग करवत भलतीकडे जाते. अधूनमधून त्यांना कामं करणारी माणसं दाखवा. सावंतवाडी तुमच्यापासून फार लांब नाही, चितारआळीत एक चक्कर मारा. वाटेवर कुडाळजवळ पिंगुळी आहे, तिथल्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या पाहायला मिळतात. बाहुलीचे हातपाय कसे जोडलेत हे मुलीने नीट बघावं, पुढच्या सुट्टीतलं काम तिला तिथेच सापडेल.

पावसाळा लागण्याआधी हत्यारं सांभाळा. करवत, ड्रिलच्या टोच्या, कानस ब्रशने झाडून, करवतीवर आणि टोच्यांवर मशीनच्या तेलाचा हात फिरवून, सुक्या कापडात गुंडाळा. कानशीला तेल लावू नका, ती लाकडावर डाग पाडते. पेटी जमिनीवर नको, माळ्यावर. सासऱ्यांच्या पेटीतल्या रंध्याचं पातं काढून बघा. गंज वरवर असेल तर रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून पॉलिश पेपरने निघतो. धारेच्या कडेलाच खड्डे पडलेले असतील तर मात्र ते मेस्त्रींकडे घेऊन जा, सहाणेवर घासून खड्डे जाईपर्यंत धार मागे घ्यावी लागते आणि ते घरी जमणार नाही.